लग्न होईपर्यंत

खोकला लपवता येतो असं ज्याला वाटतं, त्यानं कनकाच्या घरी यावं! तिरुवल्लिकेणीतल्या माडीवरच्या दोन खोल्या. समोर, अरुंद गल्लीपलीकडे, अंबुजाबाईंचं घर. आणि या अंबुजाबाई म्हणजे कनकाच्या लेकीला, रम्याला, पसंत करून गेलेल्या मुलाची सख्खी आत्या. कनकाचा नवरा वेंकोबा पोंगलच्या सुमारास खोकायला लागला, आणि कनकाने गल्लीकडच्या खिडक्या लावून घेतल्या. चेन्नईच्या उकाड्यात! वर टीव्ही मोठ्याने. तीन महिने नुसतं दुकानातलं औषध पाजलं. रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा कुठे सरकारी दवाखाना आठवला.

"क्षय आहे. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही," तिथल्या नर्स श्रीदेवीने बजावलं. "खोकताना तोंडावर रुमाल, खिडक्या उघड्या. हा हवेतून पसरतो. घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

कनकाने मान डोलवली, आणि घरी येऊन काय केलं? वेंकोबाचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि पाणी उंचावरून तोंडात ओतायचं, ओठ लावायचा नाही. तंजावरकडच्या सोवळ्याची सगळी अक्कल भांड्यांवर खर्च केली! खिडक्या बंदच. रम्याला तपासणीला नेलं नाही. कुणी पाहिलं असतं तर?

"एक तरी खिडकी उघड गं. पोरगी इथेच बसते," वेंकोबा विनवायचा.

"लग्न होऊ दे, मग भिंत पाडा."

गोळ्या संपल्या, वेंकोबा बरा झाला. पत्रिका छापून आल्या. आणि रम्याला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, खोकला सुटेना. ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली आणि तिथला कागद आईपुढे ठेवला.

कनकाने तो दोनदा वाचला. तरी तोंडातून निघालं ते काय? "गोळ्या गुपचूप घे. लग्न दहा दिवसांवर आलंय. कुणाला कळता कामा नये."

रम्याने कागद परत उचलला. "अप्पांची लाज वाटली तुला, म्हणून मी आजारी पडले. आता माझी वाटतेय. मग हे दुखणं सासरी नेऊ?"

"हळू बोल!"

रम्याने चपला घातल्या, जिना उतरली आणि सरळ अंबुजाबाईंचं दार ठोठावलं. कनका मागे धावली, तर वेंकोबा दारात आडवा उभा.

"बस खाली," तो म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं.