लाल दोऱ्याचा पंचा आणि आइसलँडचं दही

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. अंग पुसायचा नव्हे. माझ्यात दही बांधतात, खुंटीला टांगतात, सगळं पाणी गळून गेलं की माझ्या पोटात चक्का उरतो. माझ्या एका कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे सहा टाके आहेत. ते शोभेचे नाहीत. ते का घातले, तेच सांगायला बसलो आहे.

मला कुणी विणलं ते ठाऊक नाही. इंदापूरच्या बाजारात गठ्ठ्यात होतो, एवढं आठवतं. भागुबाईच्या वडिलांनी मला तिच्या लग्नासाठी घेतलं. घर बौद्धांचं, लग्नात सगळं पांढरं, म्हणून मीही पांढरा. त्या दिवशी मी नवरदेवाच्या, म्हणजे कचरूच्या खांद्यावर होतो. मानाची जागा ती. पण भागुबाई शेळगावात नांदायला आली आणि आठ दिवसांत तिनं मला तिथून खाली उतरवलं. उजेडात धरून वीण बघितली. म्हणाली, "ह्याच्यातनं पाणी जाईल, दही न्हाय जायचं." झालं. माझी शाळा तेवढीच. तिचीही दुसरीपर्यंतच होती, पण हाताला अक्कल होती.

दारात दोन म्हशी. सकाळचं दूध कचरू डेअरीच्या सेंटरवर घालायचा, संध्याकाळचं घरात तापायचं. त्याची साय तुपाला, तूप बाजाराला. सायीखालचं पातळ दूध तेवढं घरच्यांच्या वाट्याला. भागुबाई त्याचंच दही लावायची. माझी तीन टोकं एकत्र धरायची आणि चौथं टोक त्यांच्या गळ्याभोवती आवळायची. गळलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळायची, काही वाया नाही. मला धुताना आधी गार पाणी, मग कढत, मग पत्र्यावरचं कडक ऊन. साबण कधीच नाही. साबणाचा वास कापडात मुरतो आणि चक्क्यात उतरतो. घरातल्या सगळ्यांना तिनं हे बजावलं होतं, आणि तिचं बजावणं म्हणजे दोन घरांपलीकडे ऐकू जायचं.

सेंटरवर आमचं दूध आणि गेणबाचं दूध एकाच कॅनमध्ये पडायचं. गेणबा म्हणजे वरच्या वस्तीचा बागायतदार, मोठ्या उसाचा आणि मोठ्या आवाजाचा. कॅनमधल्या दुधाला कुणी आडनाव विचारत नव्हतं. पण त्याच दुधाचा आमच्या घरात चक्का झाला की गावाला तो चालत नव्हता. तोंडावर कुणी बोलायचं नाही. पोट भरलंय म्हणायचे, आज उपास हाय म्हणायचे. बुधवारी कसला उपास, ते भागुबाईनं कधी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

मग गेणबाच्या दीपकचं लग्न निघालं, वैशाखात. पंगतीला श्रीखंड ठरलं होतं आणि ऐनवेळी चक्का कमी पडला. दिवस मावळायच्या आत गेणबा उसातल्या पायवाटेनं आमच्या मागच्या दाराला आला. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. पाहुणे यायचे म्हणून भागुबाईनं चार दिवसांचं दही माझ्यात आणि माझ्या जोडीच्या दोन फडक्यांत बांधलं होतं. गेणबानं कचरूला विचारलं, "चक्का हाय का रं? आन् बोलायचं न्हाय कुठं."

कचरूनं बायकोकडं बघितलं. भागुबाईनं सगळा चक्का काढून दिला, माझ्यासकट. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी गुळाची खीर वाढली. तिला मी त्या दिवसाइतकं खूश कधी बघितलं नाही. तिला वाटलं, गाव आपल्या हातचं खाणार आणि गेणबा कधीतरी नाव घेणार.

गाव जेवलं. मी आचाऱ्याच्या चुलीपाशी पडून सगळं ऐकत होतो. श्रीखंडाची तारीफ झाली. पाहुण्यांनी विचारलं, चक्का कुठला. गेणबा म्हणाला, "बारामतीच्या डेअरीचा." मांडवाच्या कडेला, वेगळ्या पंगतीत बसलेल्या भागुबाईनंही ते ऐकलं. तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि उठली.

मला परत करायला कुणी दारात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बाभळीच्या कुंपणावर टांगलेला सापडलो, न धुतलेला, आंबलेला. भागुबाईनं मला तीनदा उकळलं. मग सुईत लाल दोरा ओवला आणि कोपऱ्यावर टाके घातले. कचरूनं विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, "पुन्हा नेलं तर वळखू यावं, कुणाचं हाय ते."

तीस वर्षं झाली त्याला. कचरू गेला. म्हशी गेल्या, एक गाय आली. मी विरलो, दोन ठिकाणी रफू झालो, पण खुंटी सोडली नाही.

गेल्या वर्षी भागुबाईची नात पायल बारामतीहून प्लास्टिकचा एक डबा घेऊन आली. आहारशास्त्र शिकते ती. म्हणाली, आज्जी, हे आइसलँडच्या पद्धतीचं दही, स्कीर म्हणतात. तिकडं शेकडो वर्षं करतात. साय काढलेल्या दुधाचं, पाणी गाळून घट्ट केलेलं. चरबी नाही, प्रोटीन भरपूर, डॉक्टर सांगतात खायला. भागुबाईनं बोटभर चाखलं. कितीला आणलं ते विचारलं. मग मला खुंटीवरून काढून पायलच्या मांडीवर टाकलं. "चाळीस वर्षं आमी गरिबीचं खात हुतो. त्येला इतकं चांगलं नाव असतंय, ह्ये कुणी सांगितलं न्हाय."

पायलची मैत्रीण संस्कृती ही त्याच गेणबाची नात. गेणबा आता ऐंशीला टेकलेला. आजारपणानं पार वाळला होता, आणि डॉक्टरांनी असलंच दही खायला सांगितलं होतं. संस्कृती आमच्या पुढच्या दारानं आत आली, चहा प्याली, आज्जी मला शिकवा म्हणाली. पोरगी निर्मळ आहे, ते मी नाकारणार नाही. भागुबाईनं शिकवलं आणि मलाही दिलं. तीन आठवडे मी गेणबाच्या घरी, आत स्वयंपाकघरात त्याच्या नजरेआड टांगलेला होतो. रोज वाटीभर चक्का खाऊन म्हाताऱ्याच्या गालावर मांस आलं. काठी टेकत तो सेंटरवर जायला लागला आणि भेटेल त्याला सांगायला लागला, आमची नात आइसलँडचं दही करती.

मग संस्कृतीनं गावातल्या बायका घरी बोलावल्या, स्कीर कसं करायचं ते दाखवायला. भागुबाईला सगळ्यांत पुढं खुर्ची दिली. गेणबा वाटी घेऊन खात बसला होता. संस्कृती म्हणाली, हे मला भागुआज्जींनी शिकवलं, पंचासुद्धा त्यांचाच आहे. आणि मला वर धरलं.

गेणबानं माझ्याकडं बघितलं. लाल टाके बघितले. टाके नंतरचे, पण ज्यानं मला कुंपणावर टांगलं, त्याला भागुबाईचं नाव ऐकल्यावर पंचा न कळायला काय झालं. सगळ्या बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. त्यानं चमचा वाटीत ठेवला, वाटी बाजूला सारली आणि म्हणाला, "मी बाहेरच्या देशाचं म्हणून खाल्लं."

भागुबाई उठली आणि संस्कृतीच्या हातून मला घेतलं.

"देश बाहेरचाच हाय, आबा," ती म्हणाली. "तितल्या बायांची जात तुमी इचारली न्हाय. माझी मात्र तीस वर्षं ध्यानात ठिवली."

मला तसाच ओला खांद्यावर टाकून ती घरी आली. कचरूच्या खांद्यानंतर पहिल्यांदाच मी कुणाच्या खांद्यावर होतो.

संस्कृतीनं नवं फडकं आणलं. पण तिच्या आईनं ते वासाच्या साबणानं धुतलं, चक्का अत्तरासारखा लागला, गेणबानं थुंकून टाकला. तो पुन्हा वाळायला लागला आहे. संस्कृती परवा रडत आली, आज्जी, पंचा द्या, आबा दुसरं खात नाहीत. भागुबाईनं तिचे डोळे पुसले, चहा केला. म्हणाली, "त्येला सांग, पुढच्या दारानं यायचं. आन् म्हणायचं, भागुबाई, तुझ्या हातचा चक्का दे. वाटी भरून देती."

एवढी पायवाट गेणबाला चालता येते. सेंटरवर जातोच आहे अजून.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा पंचा असेल तर त्याला साबण लावू नका, उन्हात वाळवा. आणि ज्याच्या हातचं खाल्लं त्याचं नाव घ्या, चारचौघांत, मोठ्यानं. मला धुवायला कढत पाणी लागतं, नाव घ्यायला काहीच लागत नाही.

कापड वापरात नसलं की ताठ होतं. मी खुंटीवर परत आलो त्याला आज सतरावा दिवस आहे. दही लावलेलं आहे, पुढचं दार उघडं आहे, आणि मी अजून कोरडा आहे.