जिन्यावरची बाई

मनकर्णाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि पुन्हा एकदा त्या दारावर टेकवलं. दार काही उघडेना.

"हलक्या हातानं, आई," सृष्टी म्हणाली. "भाकर थापून राहिली का तू?"

"हलकंच लावून राहिले. तुझ्या फोनाला माझं बोटच कळंना झालं."

त्यात खोटं काही नव्हतं. हळदीचा हंगाम चालू होता. शिजवलेल्या हळदीच्या राशी उलथून उलथून त्यांच्या बोटांची टोकं पिवळी आणि टणक झाली होती, आणि फोनच्या काचेला असल्या बोटांची सवय नव्हती. शेवटी त्यांनी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि दाबलं. करकर आवाज आला, दार उघडलं आणि अंधारात एक जिना दिसला.

सृष्टीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात होता. डाव्या हातात ती फोन धरायची, त्यामुळे बोट लावायचं काम आईकडे आलं होतं. नरसीजवळच्या सासरहून ती शिरड शहापूरला माहेरी आली ती हात गळ्यात बांधूनच. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, असं तिनं आल्या आल्या सांगितलं आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. एका हातानं काम होत नाही आणि दिवस तर सरता सरत नाही, म्हणून तिनं फोनवर हा भुताच्या बंगल्याचा गेम घेतला होता. आज संध्याकाळच्या बसनं जावई तिला न्यायला येणार होते. मोटारसायकलवर हाताला हिसके बसतील, बसनंच नेतो, असं त्यांनी आपण होऊन कळवलं होतं. त्या एका वाक्यावर मनकर्णाबाईंनी शेजारच्या अनुसयाबाईकडे जावयाचं भरपूर कौतुक करून घेतलं होतं. लेकीबरोबरची एवढीच दुपार उरली म्हणून त्या अंगणातली हळद तशीच सोडून ओसरीत येऊन बसल्या होत्या.

गेम परदेशातला होता, खालची अक्षरं हिंदीत. एका ओसाड बंगल्यात एक बाई मेली होती आणि तिचा जीव तिथंच घुटमळत होता. तिला कुणी मारलं ते आपण शोधायचं. कपाट, खिडकी, फुलदाणी, जिथं शंका येईल तिथं बोट लावायचं. काही सापडलं की ते आपल्या पिशवीत जायचं. लोकांच्या घरातल्या वस्तू अशा पिशवीत घालणं बरं नव्हे, असं मनकर्णाबाईंनी सुरुवातीला बजावलं होतं. पण दोन-तीन खोल्यांनंतर त्याच जास्त बारकाईनं कपाटं उचकू लागल्या. बंगल्याबद्दलचं त्यांचं मत मात्र वाईट होतं ते वाईटच राहिलं. एवढ्या खोल्या, आणि दारात तुळस नाही, देवाला एक कोनाडा नाही, चूल कुठं, तर तळघरात. असल्या घरात भूत राहणार नाही तर कोण राहणार.

जिन्यावर पांढऱ्या झग्यातली ती बाई उभी होती. मनकर्णाबाईंना तिची भीती वाटत नव्हती. ती त्यांना जराशी उपाशी वाटायची.

"आता हिला फोटो दाखवायचे," सृष्टी म्हणाली. "भिंतीवरचे काढून आणले ना आपण, ते. एकेक दाखवला की ती नाव सांगती."

मनकर्णाबाईंनी पिशवीतून एकेक फोटो काढून बाईपुढं धरला. बाईनं सासऱ्याचं नाव सांगितलं, नणंदेचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, बागेतल्या माळ्याचंही सांगितलं. सृष्टी ती अवघड नावं वाचून दाखवायची आणि मनकर्णाबाई ती लगेच विसरायच्या. शेवटचा फोटो मिशीवाल्या एका माणसाचा होता. तो दाखवल्यावर बाईनं मान खाली घातली.

"फोन अडकला का?"

"न्हाई. ती बोलूनच न्हाई राहिली."

पुन्हा दाखवला. पुन्हा तसंच. मनकर्णाबाईंना हसू आलं.

"अगं, मालक असंल तिचा. नाव कशी घेईल?"

या बाबतीत मनकर्णाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या मालकांचं नाव भागवत. देवळात भागवत सप्ताह बसला की सारं गाव 'भागवत बसलं' म्हणायचं आणि मनकर्णाबाई 'पोथी बसली' म्हणायच्या. एकदा बँकेतल्या साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर 'देवळात वाचतात ते' असं सांगून त्यांनी त्याला पार गोंधळात टाकलं होतं. गावातल्या बायका अजून त्यावरून त्यांची थट्टा करायच्या, आणि त्यांनाही ती थट्टा आवडायची.

"व्हय, नवराच हाय," सृष्टी म्हणाली. "त्यानंच मारलं."

"आता हे कुठून काढलं?"

"समद्यांची नावं घेतली तिनं. ज्यानं मारलं त्याचंच घेऊन न्हाई राहिली."

"नाव न घेणं म्हणजे मान असतो, बाई. मी घेती का तुझ्या बाबाचं?"

"तुझं येगळं हाय."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मनकर्णाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. दिवाणखान्यात सगळे फोटो ओळीनं मांडलेले होते. गुन्हेगारावर बोट लावलं की खेळ संपणार होता. मनकर्णाबाईंनी बोट ओलं केलं आणि मिशीवाल्यावर टेकवलं. फोनमध्ये वीज कडाडली, बंगला काळोखात गेला आणि त्या दोघी बाहेर फाटकापाशी येऊन पडल्या.

"चुकलं," सृष्टी खालची अक्षरं वाचत म्हणाली. "फोटोवर काजळी हाय म्हणतेत. तिला चेहराच दिसला न्हाई. आधी पुसून घ्या म्हणतेत."

मग पुन्हा फाटक, पुन्हा ते दार, पुन्हा जिना. पिशवीतल्या रुमालानं फोटो पुसला आणि बाईपुढं धरला. या खेपेला बाईनं मान वर केली. ती हसली, नाव सांगितलं आणि बरंच काही बोलली. सृष्टी वाचत होती. हा माझा नवरा. माझ्यावर याचा फार जीव. मी आजारी पडले तेव्हा हा परगावी होता. डॉक्टरनं दिलेलं औषध प्यायले आणि...

"घे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "डॉक्टर निघाला. अन् आपण त्या बिचाऱ्या भल्या माणसावर आळ घेतला."

"खोटं बोलून राहिली."

"कोण?"

"ही. मेल्यावरबी खोटं बोलून राहिली, आई."

"अगं, गेम हाय त्यो. लावती डॉक्टरावर बोट अन् संपवती."

"न्हाई लावायचं."

तिनं फोन मांडीवर ठेवला. प्लास्टरच्या टोकाशी बोटं तेवढी बाहेर आली होती, सुजून चकचकीत झालेली. त्यातलं एक बोट तिनं कसंबसं सरळ केलं आणि मिशीवाल्याच्या फोटोवर दाबलं. वीज कडाडली. फाटकापासून ती एकटीच पुन्हा आत शिरली, दिवाणखान्यात गेली आणि पुन्हा त्याच फोटोवर बोट दाबलं. दुखत असणार, कारण प्रत्येक वेळी तिचा खालचा ओठ दाताखाली जात होता. तिसऱ्यांदा वीज कडाडली तेव्हा मनकर्णाबाईंनी तिचा हात धरून बाजूला घेतला.

त्यांच्या मनात एकाएकी काही जुळू लागलं, आणि ते जुळू नये असं त्यांना फार वाटत होतं.

साखरपुडा झाला तेव्हा ही पोरगी घरभर 'सोमेश्वर, सोमेश्वर' करत फिरायची. सोमेश्वरचा फोन आला, सोमेश्वर असं म्हणला. मनकर्णाबाई दटावायच्या, नवऱ्याचं नाव असं वाऱ्यावर सोडू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. पोरगी हसायची. लग्नानंतर दिवाळीला आली तेव्हा ती 'ते' म्हणायला लागली होती. संक्रांतीपर्यंत 'ते'सुद्धा गेलं आणि 'तिकडं' आलं. तिकडं विचारावं लागंल. तिकडं आवडत न्हाई. लेकीला सासरचं वळण लागलं, असं मनकर्णाबाईंनी अनुसयाबाईला अभिमानानं सांगितलं होतं. तो अभिमान आठवून आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सृष्टी," त्या म्हणाल्या. "अन् तू?"

"मी काय?"

"तू खरं बोलून राहिली का आमच्यासंग?"

सृष्टीनं वर पाहिलं नाही. फोनमध्ये फाटकावर पाऊस पडत होता.

"गोठ्यात शेणावरून पाय घसरला," ती म्हणाली. आली त्या दिवशी हेच शब्द याच क्रमानं तिनं सांगितले होते. दवाखान्यातही हेच सांगितले असतील. शाळेतली कविता म्हणावी तसे ते तिच्या तोंडून बाहेर आले.

"ते ऐकलं मी. दुसरं काही असंल तं सांग."

सृष्टीनं फोन पालथा घातला. आईच्या हातातून तिनं हात मात्र काढून घेतला नाही.

मनकर्णाबाई उठल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी सृष्टीला. पाव्हणे येतील, जेवतील, पोरगी जाईल, हात बरा होईल. संसारात भांड्याला भांडं लागतंच. आणि पोरगी माहेरी राहिली तर गाव काय म्हणेल ते त्यांना तोंडपाठ होतं, कारण दुसऱ्यांच्या पोरींबद्दल ते त्यांनी स्वतःच वेळोवेळी म्हटलं होतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांचं लक्ष त्या सुजलेल्या बोटांकडे गेलं.

अंगणात मोटारसायकल सुरू झाली.

"ऐकलं का," भागवतरावांनी गाडीवरूनच हाक दिली. "पाव्हणे औंढ्याच्या म्होरं आले. मी स्टँडवरून घेऊन येतो त्यांना. पोरीचं आवरून ठिव."

मनकर्णाबाई पायरी उतरून गेल्या आणि गाडीपुढं उभ्या राहिल्या.

"पोरगी जाणार न्हाई."

"काहून?"

"ती गोठ्यात पडली न्हाई."

"मंग हात कशानं मोडला?"

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. पोरीनं तर काहीच सांगितलं नव्हतं. एका खेळावरून आणि एका 'तिकडं'वरून जावयावर एवढा मोठा आळ कसा घ्यायचा? खेळात चुकलं तर फाटकापासून पुन्हा सुरू करता येत होतं. इथं एकदा तोंडातून गेलेलं कुणी परत आणून देणार नव्हतं. भागवतराव त्यांच्याकडे बघत होते. गाडीचं इंजिन फटफटत होतं.

"बोल की."

"तिलाच इचारा."

सृष्टी ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली होती. बापापुढं तिनं कधी नवऱ्याचा विषय काढला नव्हता, तसा रिवाजच नव्हता. तिनं प्लास्टरातला हात दुसऱ्या हातानं पोटाशी धरला.

"सोमेश्वरनं," ती म्हणाली.

इंजिनाच्या आवाजात भागवतरावांना ऐकू गेलं नाही, की ऐकू जाऊन पटलं नाही, कोण जाणे. त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"काय म्हणली?"

"सोमेश्वरनं मोडला. पिरगाळून."

गाडी बंद झाल्यामुळं या खेपेला ते शब्द भिंतीपलीकडंही गेले. पलीकडं अनुसयाबाई अंगण झाडत होत्या. त्यांचा खराटा थांबला.

भागवतरावांनी भिंतीकडे पाहिलं, मग लेकीकडे. मनकर्णाबाईंना वाटलं, आता ते म्हणतील, हळू बोल. एवढ्या वर्षांच्या संसारात अशा वेळी ते नेहमी हेच म्हणत आले होते. सृष्टीही त्याचीच वाट बघत असावी. तिनं डोळे मिटून घेतले होते. भागवतरावांच्या खिशात फोन वाजू लागला. स्टँडवर कुणीतरी उतरलं असणार. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

भागवतराव गाडीवरून खाली उतरले आणि ती ढकलत नेऊन पुन्हा छपराखाली लावली.