काळ्या शाईतल्या पोरी

करावे गावात लग्नघराची भिंत रंगवायची असली की मला बोलावतात. मी जुईनगरला राहते. चित्रकलेचं शिक्षण माझं शून्य. कुणी विचारलं तर 'घरीच शिकले' म्हणते, आणि समोरचा 'हं, दिसतंय' असा चेहरा करतो. पण दाराच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, वर गणपती, खाली दोघांची नावं, एवढं मला जमतं. नवऱ्याला मिशी द्यायची का, तेवढं आधी विचारून घ्यायचं.

मार्गशीर्षात स्नेहलच्या मुलाचं, रूपेशचं, लग्न होतं. मी स्टुलावर चढून नवरीचा हार धरलेला हात काढत होते. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून बसलेले. एक शब्द नाही. मला वाटलं, ऐकू येत नसेल.

"तिचा हात मोडलाय," ते म्हणाले.

"काय झालं काका?"

"मनगटातून मोडलाय. हार कसा पेलंल ती?"

आतून स्नेहल ओरडली, "काका, त्यांना काम करू द्या ना! नंदिनीताई, टेन्शन नका घेऊ. आमचे चुलतसासरे आहेत, श्यामसुंदरकाका. सगळ्यांना नावं ठेवतात. माझ्या भाकरीला पण म्हणतात, गोल नाय."

"नसतेच गोल," काका म्हणाले. मग उठले, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि भिंतीवर तीन रेघा ओढल्या. एक रेघ मनगटाची, एक तळव्याची, आणि तिसरी करंगळीची. करंगळी बाकीच्या बोटांपासून जराशी सुटी, जणू तिला दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं.

मी स्टुलावरून खाली उतरले.

ती करंगळी मी ओळखत होते.

माझे वडील गिरगावात बाइंडिंगच्या दुकानात कामाला होते. कुणा बाईंनी लंडनहून येणारी मुलींची साप्ताहिकं बांधायला दिली आणि परत न्यायला त्या आल्याच नाहीत. चार वर्षं वाट बघून तो जाडजूड खंड वडिलांनी घरी आणला. आत नुसत्या चित्रांतून सांगितलेल्या गोष्टी. चित्रकारांची नावं कुठेच नव्हती. पण त्यातल्या एका गोष्टीची चित्रं सगळ्यांत वेगळी. समुद्रकाठची मुलींची शाळा, वसतिगृहात राहणाऱ्या चार मैत्रिणी. त्यांच्या केसांत ओल्या कंगव्याचे दात फिरल्यासारख्या रेघा. धुकं काढायचं तर तो चित्रकार काहीच काढायचा नाही, कागद तसाच सोडून द्यायचा, आणि त्या कोऱ्या जागेतून पोरी चालत यायच्या. त्या शाळेमागचा समुद्र ओहोटीचा होता, चिखलाचा, काठावर वेड्यावाकड्या मुळांची झाडं. आठ वर्षांची मी तासन्‌तास त्या चिखलाच्या काठाने फिरायचे. जेवायला हाक मारली की परत यायला वेळ लागायचा. दहा वर्षं मी तीच चित्रं गिरवली. मला जे काही येतं ते त्या पानांनी शिकवलं.

"काका," मी विचारलं, "तुम्ही लंडनच्या साप्ताहिकांत चित्रं काढायचात का?"

त्यांनी ब्रश माझ्या हातात परत दिला. "मी मिठागराच्या ऑफिसात कारकून होतो," म्हणाले आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसले.

"काका आणि चित्रं?" स्नेहल चहा घेऊन येत म्हणाली. "अहो ताई, त्यांनी कधी रांगोळीत बोट नाही घातलं."

संध्याकाळी घरी येऊन मी कपाटाच्या वरच्या फळीवरून तो खंड काढला. आमचे हे, सुभाष, चष्म्यावरून बघत होते. "एका करंगळीवरून?" ते म्हणाले.

"तुम्ही माझं अक्षर ओळखता की नाही?"

"तुझं अक्षर कुणीही ओळखेल. दुसरं कुणी तसं काढूच शकत नाही."

"मग तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खंड पिशवीत घालून करावेला गेले. काका त्याच खुर्चीवर होते. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले, पुस्तकाला लागू नयेत म्हणून.

"उचल ते."

"काका, ही चित्रं तुमची आहेत. नाही म्हणू नका. मी ह्यांच्यावरून शिकले. मला फक्त तुम्हाला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? लोक हसले ते?"

मला काही कळेना. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. फोर्टात एक साहेब होता. लंडनहून गोष्टी टाइप होऊन त्याच्याकडे यायच्या, काका टाक आणि काळ्या शाईने चित्रं काढायचे, पाकीट विमानाने परत जायचं. छापील अंक साहेब देत नसे. त्या चित्रांचं पुढे काय होतं ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं, श्यामसुंदर मुंबईला कुठल्यातरी ऑफिसात जातो एवढंच. असं दोन वर्षं चाललं. मग लंडनहून पत्र आलं.

"त्या चार पोरी," काका म्हणाले. "खोलीत गेल्या की मी दाराभायेर त्यांच्या बुटांचे चार जोड काढायचो. दर वेळी. साहेबाच्या पन ध्यानात नाय आलं. बूट घालून घरात कोन जातं? मना वाटलं, गोऱ्यांच्या असल्या तरी पोरीच ना. तिकडच्या पोरींनी छापखान्याला पत्रं लिवली. हे कुठलं खेडं, म्हणून. साहेबानं ते सगळं ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. टायपिस्ट हसल्या, शिपाई हसला. मी पन हसलो. मग घरी आलो आणि टाक, निबा, शाई, सगळं खाडीत टाकलं."

चोपन्न वर्षं ह्या माणसाने ते हसणं सांभाळलं होतं. आता मी नीट बोलले नाही, तर ते तसंच घेऊन जाणार होता तो. आणि नीट बोलणं हा माझा प्रांत नाही.

"काका, मला तेव्हा इंग्रजी यायचं नाही," मी म्हणाले. "चित्रं बघून मीच गोष्ट लावायचे. पण एक मला पक्कं माहीत होतं. ह्या पोरी चांगल्या घरातल्या आहेत."

"ते कशावरून?"

"बूट बाहेर काढतात म्हणून. त्याच खंडात दुसऱ्या गोष्टींतल्या पोरी बूट घालून पलंगावर बसायच्या. माझी आई म्हणायची, असल्यांशी खेळायचं नाही. ह्या चौघींशी मी खेळले."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग खाली पुस्तकाकडे.

"छापल्यावर कसं दिसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. स्वतःचं एकही छापील पान नाही.

त्यांनी लुंगीला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, आणि खंड उघडला. पहिलंच पान आलं आणि कपाळावर आठी.

"ह्याला रंग कोनी फासला?"

इतकी वर्षं मी ते विसरूनच गेले होते. "मी," म्हटलं. "आठ वर्षांची होते."

"गोऱ्या पोरी तपकिरी?"

"आमच्या पेटीत बाराच पेन्सिली होत्या काका. माणसाच्या अंगाचा रंग म्हणून तोच होता."

त्यांनी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. मी घाबरले. स्नेहल आतून धावत आली. मग कळलं की काका हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"भागे!" ते ओरडले. "ए भागीरथी! हातातलं टाक आन इकडं ये!"

भागीरथीआत्या, काकांची धाकटी बहीण, मागच्या पडवीत हळदीच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसली होती. सुपासकटच आली. "काय पेटलंय का?"

"बघ. हिनं तुला तुझा रंग दिलाय."

आत्याने सूप खाली ठेवलं, भावाच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या नाकावर चढवला आणि पुस्तकावर वाकली. पानावर मैदानात एक मुलगी उभी होती, हॉकीची काठी उगारून, वेणी वाऱ्यावर.

"ही मी?"

"तूच. हातात झाडू दिलेला तुझ्या."

"तू मना बोललास, कॅलेंडरची लक्ष्मी काढतंय!" आत्याचा आवाज चढला. "रोज दोन-दोन तास उभी केलीस मना. पन्नास वर्सं मी मनात धरून हाय, मुंबईत कोनाच्यातरी भिंतीवर माझी लक्ष्मी हाय. आन ही काय? गुडघे उघडे!"

"लक्ष्मी सांगितलं नसतं तर उभी राह्यली असतीस?"

"झाडूनं मारला असता तुला."

पण ती बाजूला झाली नाही. खुर्चीच्या दांड्यावरच टेकली, आणि दोघं पानं उलटायला लागली. शाळेची मोठी बाई म्हणजे त्यांची आई होती, नाकावरून ओळखली. चष्मेवाली हुशार मुलगी शेवंता, बाजूच्या घरातली. उंच, रुसकी ती गावातल्या नामाची बहीण, गेली बिचारी लवकर. "बघ, अजून रुसलीच हाय," आत्या म्हणाली. इंग्रजी धुक्यातून एकेक पोर बाहेर येत होती आणि दोघं तिला नावाने हाक मारत होते. समुद्रही इथलाच होता, घरामागचा, ओहोटीचा. मी लहानपणी इंग्लंडात कधी गेलेच नव्हते तर. मी करावेच्या खाडीवर फिरत होते, आणि तिथून पुढे पंधरा मिनिटांवर माझं घर व्हायचं होतं, हे तेव्हा कुणाला माहीत?

मग ते पान आलं. बंद दार, बाहेर चार जोड. बोट ठेवून काका थांबले. आत्या पुढचं पान उलटायला निघाली. तिला काहीच वावगं दिसलं नव्हतं.

"परत काढायला लावलं," काका म्हणाले, "तरी मी भायेरच काढीन."

पान उलटलं. पुन्हा आत्या, ह्या वेळी झाडाखाली, मैत्रिणींसमोर, तोंड उघडं आणि एक पाय दुसऱ्यावर. डोक्यावर बोलण्याचा फुगा. आत्याने माझा दंड धरला. "ताई, तुमाला वाचता येतं ना? काय बोलते मी?"

आता मला इंग्रजी येतं. मी वाचलं आणि सांगितलं, "तुम्ही म्हणताय, मैत्रिणींनो, शाळेच्या इज्जतीसाठी उद्याचा सामना आपण जिंकलाच पाहिजे."

"खोटं!" आत्या म्हणाली. "मना चांगलं आठवतं. आय घरात सुकट भाजत होती, वास येत होता. मी बोलत होते, दादा, पायाला मुंग्या आल्यात, भूक लागलीय, सोड आता मना."

"बोलत होतीसच," काका म्हणाले. "एक मिनिट गप नव्हतीस. म्हनून तर तोंड उघडं काढलंय."