डाव्या हाताची कात्री

मित्रांनो, शिलाई मशीनच्या बाजूला खिळ्याला टांगलेली ही जुनी कात्री म्हणजे मी. आज माझ्याने साधी चिंधी कापवत नाही. पण एके काळी चार पदरी कापड मी एका दमात कापत असे. ही फुशारकी नव्हे. ज्या कामासाठी माझा जन्म झाला, ते मी चोख करत होते, एवढेच.

माझी मालकीण कपडे शिवायची आणि ती डावखुरी होती. शाळेत हातावर पट्ट्या खाऊन ती उजव्या हाताने लिहायला शिकली, घरी बोलणी खाऊन उजव्या हाताने जेवायला शिकली. पण कापड समोर आले की डावा हातच पुढे व्हायचा. बाजारातल्या कात्र्या उजव्या हाताच्या. त्या डाव्या हातात धरल्या की पाती फाकतात, कापड मधे दुमडते आणि अंगठ्याला फोड येतात. तिला काम शिकवणारे मास्तर म्हणायचे, "उजव्यानं काप, नाहीतर बटणं लावत बस!" पण मुकाट्याने बटणे लावत बसणाऱ्यांतली ती नव्हती. पहिली कमाई हातात येताच तिने लोहाराला गाठले आणि त्याच्याकडून मला घडवून घेतले. इतर कात्र्यांचे जे पाते वर असते ते माझे खाली, आणि खालचे वर. अंगठ्याचे कडे तिच्याच अंगठ्याच्या मापाचे.

मग आम्ही दोघींनी कामाचा फडशा पाडला. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, शेजारणींचे झगे. मुलाच्या पहिल्या झबल्यापासून त्याच्या पहिल्या नोकरीच्या शर्टापर्यंत सगळे मीच कापले. तो समोर बसून अभ्यास करायचा आणि आम्ही कापत असायचो. लोक म्हणायचे, "बाईंच्या हातात जादू आहे हो!" कुठल्या हातात, ते कोणी विचारले नाही. तेव्हा मलाही त्याचे काही वाटले नाही.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. खडूची रेघ दिसेना, काप वाकडा जाऊ लागला. ऑपरेशनला ती घाबरायची, पण नातीचा कोट स्वतः कापायचा म्हणून अखेर तयार झाली आणि लेकीकडे राहायला गेली. जाताना मला पुसून, तेलाचा थेंब सोडून, खिळ्याला अडकवून गेली.

इकडे सुनेने पडदे आखूड करायला काढले. मुलाने मला उजव्या हातात घेतले. कापड पात्यांत चावल्यासारखे अडकले.

"आई इतकी वर्षं या भंगारानं कापत होती? कमाल आहे!" तो म्हणाला.

"धार लावून आणा ना," सून म्हणाली. "आईंना तेवढंच बरं वाटेल."

मित्रांनो, माझा घात प्रेमानेच झाला. धार लावणाऱ्याने रोजच्या सवयीने मला उलट्या बाजूने दगडाला लावले. ठिणग्या उडाल्या, मी लखलखले आणि कामातून गेले. आता मी ना डाव्या हाताची राहिले, ना उजव्या.

ती परतली. डोळे स्वच्छ झाले होते. हातपाय धुतल्याबरोबर तिने कोटाचे कापड पसरले, रेघ मारली आणि मला हातात घेतले. पहिलाच काप फसला. तिने पाती उजेडात धरली, बोटाने चाचपली. तिला सगळे कळले.

"धार लावून आणली तरी चालत नाही गं," मुलगा म्हणाला. "जुनी झाली."

"तू कुठल्या हातानं कापून पाहिलंस?"

"म्हणजे काय? उजव्या."

"आणि मी कुठल्या हातानं कापते?"

मुलाने बायकोकडे पाहिले. तिने मान खाली घातली. मी अजून डाव्याच हातात होते, पण मालकीण पाठ फिरवून उजेडाकडे उभी होती.

"उजव्याच ना, आई?"

तिने माझी पाती मिटली. मग म्हणाली, "हो रे." आणि मला खिळ्याला अडकवून टाकले.

तिच्या वाढदिवसाला नवी, महागडी कात्री आली. उजव्या हाताची. "छान आहे हो," म्हणत तिने ती डब्यात ठेवली. नातीचा कोट दुकानातून आला. लोहार केव्हाच वारला, त्याची भट्टीही गेली. मालकीण आता बटणे लावून देते. तिचा तो मुलगा अभिमानाने सांगतो, "आईला आम्ही आता काही काम करू देत नाही."

मित्रांनो, मला तेल घाला, गंजू देऊ नका, असे मी सांगणार नाही. माझे जे व्हायचे ते झाले. पण तुमच्या घरात जी कोणी तुमच्यासाठी राबते, तिचा हात कुठला आहे ते एकदा नीट बघा. विचारू नका. विचारलेत, तर तीही "हो रे" म्हणून गप्प बसेल.