कंट्रोलचे पंडितजी

पाकीट फाडताच पिवळे तांदूळ फरशीवर सांडले. कलावती ते वेचायला वाकली आणि पाकिटावरचा पत्ता दिसताच तशीच थांबली.

“श्री पंडितजी, कंट्रोल ऑफिस, जयपूर,” तिने वाचलं. “हे कोन?”

शेषराव गवई बुटाची नाडी सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

“मीच.”

कलावतीने भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“मंग उठा पंडितजी, पाय धुवा. वाढते.”

पाकिटात दोन लग्नपत्रिका होत्या. एक त्याला. दुसरीवर मोती डुंगरीच्या गणेशजींचं नाव होतं. जयपुरात लग्नाचं पहिलं निमंत्रण त्या देवळात ठेवतात. सोबत बिलोट्याचे स्टेशन मास्तर हनुमानसहाय यांची चिठ्ठी होती. मुलीची पहिली पत्रिका पंडितजींच्याच हातून देवापुढे जावी, अशी घरच्यांची इच्छा होती. पिवळे तांदूळ हे पंडितजींना स्वतःला आमंत्रण.

शेषरावने हनुमानसहाय यांना कधी पाहिलं नव्हतं. तो सेक्शन कंट्रोलर, कुठली गाडी थांबवायची, कुठली सोडायची ते फोनवरून ठरवणारा. कानाला हेडफोन, पायाखाली बोलताना दाबायचं पेडल, समोर गाड्यांचा चार्ट आणि एका तारेवर अकरा स्टेशनं. एकाने बोललेलं बाकीच्यांनी फोन उचलला की ऐकू येई. दोन वर्षांपूर्वी भुसावळहून बदलून आल्यावर एका रिकाम्या दुपारी कुणीतरी विचारलं होतं, एकादशी आज की उद्या? समोर मराठी कॅलेंडर होतं. त्याने बघून सांगितलं. मग अमावास्या, ग्रहण, मुहूर्त. वद्य पक्षात इथल्या महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एक पुढे असतं, हेही तो शिकला. महिनाभरात लाइनवर त्याचं नाव पंडितजी झालं.

त्याने ते खोडलं नाही. ऑफिसात चहाच्या वेळी तो भिंतीकडच्या टोकाला बसे आणि इतरांचं नुसतं ऐकत राही. लाइनवर मात्र दोन स्टेशनांचं भांडण लागलं, कुणाची गाडी थांबवायची यावरून, तर ते “पंडितजी म्हणतील तसं” यावर मिटे. तिथे तो विनोद करी. लोक हसत.

“जाता का मंग देवळात?” कलावतीने ताट ठेवलं.

“पत्रिका तर ठेवायची आहे.”

“छपन साली बापानं तुमाले खांद्यावर बसवून नागपुरात प्रतिज्ञा घेतल्या. गणपतीले न मानायची कितवी?”

“तिसरी.”

“मंग?”

“लाइनवर खरं सांगितलं, तर उद्यापासून कोण बोलेल माझ्याशी?”

“अन् आता तरी ते कोनाशी बोलतात, तुमच्याशी का पंडितजीशी?”

तो अर्ध्या जेवणातून उठला. क्वार्टरांच्या रांगेच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

सकाळी सायकल काढून तो मोती डुंगरीला पोचला. पत्रिका खिशात होती. देवळाबाहेर त्याने एक चप्पल काढली. रांगेतला माणूस म्हणाला, “भाईसाब, सरका थोडं पुढे.” शेषरावने चप्पल परत पायात घातली आणि सायकलचं कुलूप उघडलं.

दुपारी दोनला पाळी सुरू झाली. चारच्या सुमारास बिलोट्याची घंटी आली.

“राम राम, पंडितजी. मालगाडी आली, बाजूच्या लूप लाइनवर घेतली. पाकीट पोचलं?”

मागे दोन-तीन फोन उचललेले होते. कुठल्यातरी स्टेशनातल्या पंख्याची खडखड लाइनवर येत होती. शेषरावने पेडल दाबलं.

“पोचलं. हनुमानसहायजी, ती पत्रिका मला देवळात नेता येणार नाही. मी पंडित नाही. ब्राह्मण नाही. मी बौद्ध आहे, बाबासाहेबांचा.”

डब्यांचे नंबर सांगावेत तसं त्याने ते सांगितलं होतं.

“माहीत आहे,” हनुमानसहाय म्हणाले. “दिवाळीतच कुणाकडून तरी कळलं. लाइनवर काय लपतं, पंडितजी?”

“सगळ्यांना?”

कुणीतरी खाकरलं. दुसरा एक आवाज हळूच म्हणाला, “जी.”

शेषरावने पेन्सिल खाली ठेवली. दिवाळी ते आज, चार महिने. संक्रांतीचा पुण्यकाळ याच लोकांनी विचारला होता. परवा होळीचा मुहूर्त. विचारताना कुणी हसलं होतं का? मागे कुणी तोंडावर हात धरला होता का? त्याने एकेक आवाज आठवून पाहिला. तसं काही आठवेना. पण आधी तो असं ऐकतही नव्हता.

“मग पत्रिका मला का पाठवली?”

“बिटिया म्हणाली...” हनुमानसहाय थांबले. “ते सोडा. नेणार नसाल तर परत पाठवा. संध्याकाळच्या पॅसेंजरच्या गार्डकडे द्या.”

“देतो.”

“दोन्ही?”

शेषरावने पेडलवरचा पाय उचलला आणि पुन्हा दाबला.

“एक,” तो म्हणाला.

“ठीक.” बिलोट्याचा फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

लगेच पुढच्या स्टेशनची घंटी आली. “पंडितजी, एक्सप्रेस चार बाराला गेली.”

“गवई,” शेषराव म्हणाला. “माझं नाव गवई.”

“जी. गवईसाब, चार बारा.”

त्याने चार्टवर रेघ ओढली. त्यानंतरचं स्टेशन आपणहून म्हणालं, “गवईसाब, सिग्नल दिला.” त्याच्याही पुढचं गवईसाबच म्हणालं. कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी वेळा दिल्या, बरोबर दिल्या आणि फोन ठेवले. कोणती गाडी थांबवायची यावर कुणी हुज्जत घातली नाही. तिथी कुणी विचारली नाही. एकदा एक जण “पं” म्हणून अडखळला आणि नुसता नंबर सांगून मोकळा झाला. त्यानंतर बराच वेळ शेषराव त्याच स्टेशनच्या घंटीकडे कान लावून होता.

आठला पुढच्या पाळीचे कंट्रोलर वसंतराव आले. त्यांनी हेडफोन चढवला, थोडं ऐकलं आणि एक कान मोकळा केला.

“काय हो, आज कुणीच बोलत नाही?”

“गाड्या वेळेवर आहेत,” शेषराव म्हणाला.