होडीचा ब्रश आणि दसऱ्याचा कापूर

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. रंगाचा, पण रंग सुटूनही मला बरीच वर्षं झाली. उत्तनच्या किनाऱ्यावर माझा मालक दशरथ माझ्याकडून होडीवर निळे पट्टे ओढून घ्यायचा, तेव्हा लोक थांबून बघत. पुढे होडी विकून त्याने शाळेच्या मुलांची ने-आण करायला जुनी गाडी घेतली. मी इंजिनाची धूळ झाडू लागलो. एरवी सीटखाली पडून असे.

२००४च्या दसऱ्याची सकाळ आठवली, की माझे उरलेसुरले केस अजून ताठ होतात.

खाऱ्या वाऱ्याने गाडीचा प्लास्टिकचा काळा बंपर पांढुरका पडला होता. दशरथने त्याला खोबरेल चोळलं. तासाभरात रस्त्याची सगळी धूळ त्याला चिकटली.

"काका, बंपरला पावडर लावली काय?" शेजारच्या पिंटूने विचारलं. पोरं हसली.

दशरथ चिडला. निदान इंजिन तरी चकचकीत दिसावं म्हणून त्याने मला पेट्रोलात बुडवलं आणि भराभर फिरवलं. काळं निघालं खरं, पण सांदीसांदीत पेट्रोल मुरलं.

तोच त्याची बायको मनोरमा पूजेचं ताट घेऊन दारात आली. ताटात कापूर पेटलेला. गाडीभोवती पोरं अंगाला अंग लावून उभी. माझ्या केसाकेसांत पेट्रोल, आणि मला तोंड नाही.

मनोरमा उंबऱ्यातच थांबली. तिने वास घेतला, ताट आत नेऊन ठेवलं आणि पोरांना ओट्यावर बोलावलं.

"होडीचं मशीन मी असंच पुसायचो," दशरथ म्हणाला.

"होडीच्या भोवती दर्या हाय. हिच्या भोवती पोरं हायत."

त्याने बॉनेट तसंच उघडं ठेवलं.

वास पुरता जाईपर्यंत कुणी किल्ली फिरवली नाही. मग थंड इंजिनावर काम सुरू झालं. बॅटरीची तार सोडली. विजेच्या भागांवर आणि इंजिनात हवा जाते त्या तोंडावर दुधाच्या पिशव्या बांधल्या. पाण्याचा पाइप न लावता, साबणाच्या पाण्यात मला जेमतेम ओला करून हलक्या हाताने इंजिन घासलं, ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, पिशव्या आठवणीने काढल्या. साबणाने बंपरही बराच काळा झाला. नवा मात्र नाही.

संध्याकाळी आरती ओट्यावरूनच झाली. इंजिनाला नुसतं झेंडूचं फूल. पाना, पक्कड यांच्या रांगेत मनोरमाने मलाही ठेवलं आणि दांड्याला हळदकुंकू लावलं.

ते आता पुसट झालंय. मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही. म्हणून ब्रश बुडवण्याआधी डबा हुंगून बघा, आणि भोवती कोण उभं आहे, तेही बघा.