तळाची बाटली

छकुलीची आत्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद चिकटवायची. कागदावर गुटगुटीत बाळ आणि खाली 'दात येताना निर्धोक. एक चमचा'. दिवसाकाठी आठशे बाळं तिच्या हाताखालून जात, तीही तोंडातून अवाक्षर न काढता. घरचं एकच, पण दातांपायी पंधरा दिवस घर डोक्यावर घेऊन बसलेलं.

कारखान्यात एक रीत होती. पिंपाच्या तळाचं औषध गढूळ दिसतं, दुकानदार घेत नाही, म्हणून ते कामाच्या बायकांत वाटून टाकायचं. "वरचं पाणी गिऱ्हाइकाला, सत्त्व आपल्याला," असं सगळ्याजणी म्हणत. काल आत्याची पाळी होती. तिने बाटली घरी नेली आणि भावजयीच्या हातात दिली.

आज दुपारी पिंप ढवळणारे काका चार दिवसांचं आजारपण काढून कामावर आले. पिंपात डोकावून म्हणाले, "मी नसताना ढवळलं कुणी?"

कुणीच नाही.

"आणि बाटल्या भरल्यात? अगं बायांनो, अफू सगळी खाली बसते."

"मग आमची पोरं राजासारखी झोपतील, काका," एकजण म्हणाली. काका हसले नाहीत.

"यात अफू असते?" आत्याने विचारलं.

"मग गुळाच्या पाण्याने झोपतात होय पोरं?"

खळीचे हात तसेच घेऊन ती पळत सुटली.

वहिनी दारात कपडे वाळत घालत होती. चेहरा कसा टवटवीत. "हळू या, वन्सं. सकाळी चमचा दिला, अजून पापणी हललेली नाही. पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा वेणी घातली मी."

छकुलीचे ओठ जांभळट झाले होते. श्वास येई, मग बराच वेळ येत नसे.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. बाटली फिरवून फिरवून वाचली. "आत काय आहे, ते तर यावर कुठेच लिहिलेलं नाही."

"अफू आहे," आत्या म्हणाली.

"किती?"

ते तिला ठाऊक नव्हतं. काकांनाही नसणार.

"उतारा नाही माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "झोपू द्यायचं नाही एवढंच. रडवा तिला."

वहिनीने गार पाण्याचा फडका फिरवला. आत्याने दंडाला चिमटे काढले, आधी मायेने, मग वळ उठेपर्यंत. डॉक्टर तळपायावर टिचक्या मारत राहिले. पंधरा दिवस जिला "गप बस गं बाई" म्हणून विनवलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन वहिनी म्हणत होती, "रड गं. रड ना. हवं तेवढं रड."

एक श्वास आला. तिघंही पुढच्याची वाट पाहत राहिले.

मग डॉक्टरांनी टिचक्या थांबवल्या आणि तो इवलासा पाय दुपट्यात घातला.

"थांबलात का?" वहिनी म्हणाली. "मारा ना. जोरात मारा. मी काही म्हणणार नाही."